लातूरची प्रत

रेड म्हटलं की आपल्याकडे माणसं आधी दाराकडे बघतात. इन्कम टॅक्सची रेड, पोलिसांची रेड, गुटख्याच्या गोदामावरची रेड. त्यामुळे 'घरच्या कॉम्प्युटरला रेड लावतोय' असं मी नांदेडच्या दोस्तांना सांगितलं, तेव्हा एकाने काळजीने विचारलं, "सगळं ठीक आहे ना?"

ही रेड वेगळी. १९८८ साली अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक निबंध लिहिला. एक मोठी, महागडी डिस्क घेण्यापेक्षा लहान, स्वस्त डिस्क एकत्र जोडा, आणि जोडणी अशी करा की त्यातली एखादी मेली तरी माहिती जिवंत राहील, हे त्यांचं म्हणणं. 'रिडंडंट अ‍ॅरे ऑफ इनएक्स्पेन्सिव्ह डिस्क्स', म्हणजे रेड.

मला त्याची गरज पडली ती अब्बांच्या पेटीमुळे. आमचं घराणं मूळचं उदगीरचं. लोखंडी पेटीत खासरा पत्रकाच्या नकला, उर्दूतलं एक वाटणीपत्र, दादीचा निकाहनामा, हैदराबादहून आलेली पत्रं. अब्बा उर्दू शाळेत शिकले आणि पुढे उर्दू शाळेतच मास्तर झाले. मी मराठी माध्यमातला. छापील उर्दू मी सावकाश वाचतो, पण जुन्या कारकुनांची शिकस्ता, ती एकात एक गुंतलेली घसट लिपी, माझ्या डोळ्यांना लागत नाही. म्हणून अब्बांच्या शेवटच्या दोन वर्षांत मी एकेक कागद स्कॅन करत गेलो आणि अब्बा तो मोठ्याने वाचत गेले. मोबाइलवर ते सगळं रेकॉर्ड केलं. कुठे थांबून सांगायचे, "हा जो गवाह आहे ना, तो तुझ्या दादीचा मामू." हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही.

अब्बांचा इंतकाल झाला. कागद पेटीत आहेत, पण तो आवाज फक्त एका हार्ड डिस्कवर होता.

हार्ड डिस्क हे नाजूक यंत्र आहे. आत आरशासारख्या चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात आणि त्यांच्यावर वाचणारं टोक केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी अंतरावर तरंगतं. धक्का, उष्णता, विजेचा झटका किंवा नुसतं वय, काहीही निमित्त पुरतं. डिस्क मरणार का, असं विचारण्यात अर्थ नाही. कधी मरणार, एवढंच विचारायचं.

रेडचे प्रकार आकड्यांनी ओळखतात. रेड शून्यमध्ये माहितीचे तुकडे दोन डिस्कवर वाटतात. काम झपाट्याने होतं, पण एक डिस्क गेली की सगळंच गेलं. नावात रेड असूनही राखण काहीच नाही. रेड पाचला निदान तीन डिस्क लागतात. समजा एकीवर ५ लिहिले, दुसरीवर ७, तर तिसरीवर त्यांचा हिशेब १२. सात हरवले तर बारातून पाच वजा करून ते परत मिळतात. प्रत्यक्षात गणित जरा वेगळं असतं आणि हिशेब तिन्ही डिस्कवर आळीपाळीने ठेवतात, पण युक्ती हीच. आणि रेड एक म्हणजे सरळ आरसा. जे या डिस्कवर, तेच त्याच क्षणी त्या डिस्कवर.

मी आरसा निवडला. चार-चार टेराबाइटच्या दोन डिस्क घेतल्या, तर वापरायला मिळतात चारच. घरच्यांना हा हिशेब तोट्याचा वाटला. त्यांना मी तरावीहचं उदाहरण दिलं. हाफिजसाहेब पुढे उभे राहून कुरआन पढतात, आणि मागच्या सफेत एक सामे असतो. त्यालाही पाठ असतं. हाफिजसाहेब अडखळले की तो लुकमा देतो. महिनाभरात त्याला तोंड उघडावं लागलं नाही, म्हणून कुणी त्याला बिनकामाचा म्हणत नाही.

कुणाला करायचं असेल तर चार गोष्टी सांगतो. दोन्ही डिस्क एकाच दुकानातून एकाच दिवशी घेऊ नका. एकाच खेपेतल्या असतील तर दुखणंही एकाच वेळी येऊ शकतं. घेताना सीएमआर प्रकारची आहे का, हे विचारा. एसएमआर प्रकारच्या डिस्क अशा कामात फार मंदावतात. विंडोज किंवा लिनक्स वेगळ्या एसएसडीवर ठेवा आणि आरशावर फक्त जपायचं ते ठेवा. लिनक्समध्ये एमडीएडीएम आणि विंडोजमध्ये स्टोरेज स्पेसेस हे काम करतात, वेगळं कार्ड लागत नाही. आणि यूपीएस घ्याच. घरात इन्व्हर्टर असला तरी लाइट जाऊन तो सुरू होईपर्यंतच्या क्षणात कॉम्प्युटर बंद पडू शकतो, आणि नेमकं तेव्हा लिहिणं चालू असेल तर एका डिस्कवर एक आणि दुसरीवर भलतंच, असं होतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खबर. आरशातली एक डिस्क मेली तरी कॉम्प्युटर पहिल्यासारखाच चालतो. तुम्हाला कळलंच नाही तर तुम्ही महिनोन् महिने एकाच डिस्कवर असता. म्हणून बिघाडाचा ईमेल यावा अशी सोय करा आणि महिन्यातून एकदा दोन्ही डिस्क ताडून बघा. मेलेलीच्या जागी नवी लावली की चार टेराबाइट भरायला सात-आठ तास सहज लागतात, आणि तेवढा वेळ सगळा भार उरलेल्या एकटीवर.

पण आरसा म्हणजे बॅकअप नव्हे. पोराने चुकून फाइल पुसली तर ती दोन्हीकडून त्याच क्षणी पुसली जाते. व्हायरस आला तर दोन्हीवर येतो. चोर कॅबिनेट उचलून नेतो, तेव्हा एक डिस्क मागे ठेवून जात नाही.

हे आपल्या भागाला शिकवावं लागू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. माझ्या फुफीचं सासर औसा तालुक्यातलं. त्यांच्या घरात कागदांच्या दोन पेट्या होत्या, पण दोन्ही एकाच खोलीत. त्यानंतर पाऊसही पडला. फुफी म्हणते, "माणसं मोजायची होती बाबा, कागद कोण मोजतं?"

म्हणून तिसरी प्रत फुफीच्या लातूरच्या घरी आहे. एक साधी बाहेरची डिस्क, कपाटात, नव्या साड्यांच्या खाली. दर ईदला मी ताजी डिस्क घेऊन लोहा-अहमदपूरमार्गे जातो आणि जुनी परत आणतो. नांदेडला गोदावरी चढली तरी तिचं पाणी लातूरला पोचत नाही.

कागदांचं नशीब तरी बघा. उदगीर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात, मग उस्मानाबादेत, आणि १९८२ पासून लातूर जिल्ह्यात. एकाच शेताचा माग काढायचा तर तीन जिल्हे, आणि वर हैदराबाद. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्याच्या कचेऱ्यांतून निजामकाळातले दस्त बाहेर निघाले. शोध हैदराबादपर्यंत गेला. आणि मग उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली. ज्या उर्दूला एरवी कुणी विचारत नव्हतं, तिच्यावर हजारो मराठा घरांचं लक्ष लागलं. कागद होते, वाचणारे मोजके उरले होते.

आमच्या घरात तर वाचणारा एकच होता. तीन डिस्कवर तीन प्रती ठेवल्या तरी शिकस्ता वाचणारा चौथा माणूस त्यातून तयार होत नाही.

फुफीची नात बारावीला आहे, लातूरला नीटच्या क्लासला जाते. तिला उर्दू लिपी मदरशात शिकलेली, तेवढीच येते. गेल्या रमजानमध्ये तिने ती डिस्क लॅपटॉपला लावली, एका बाजूला कागदाचं चित्र उघडलं, दुसऱ्या बाजूला अब्बांचा आवाज. एक ओळ ऐकायची, ती कागदावर शोधायची, मग आवाज बंद करून स्वतः वाचायची. परवा तिने मला वाटणीपत्राच्या पहिल्या आठ ओळी फोनवर वाचून दाखवल्या. पाचव्या ओळीत ती अडखळली. मी इकडे रेकॉर्डिंग लावलं आणि अब्बांनी लुकमा दिला.