लाडूची खाज

जुलैत आमचा पग, लाडू, रात्रभर कराकरा खाजवायचा. आईचा फोनवर एकच धोशा, "देऊन टाक कुणाला तरी!" मी काय केलं? एक दिवसाआड आंघोळ, तीही माझ्याच महागड्या शाम्पूने. वर घरात पडलेलं माणसांचं खाजेचं मलम! दोन दिवस बरं वाटलं, मग पोट लालभडक आणि अंगाला कुबट वास.

डॉक्टरांनी पोटावर चिकटपट्टी दाबून मायक्रोस्कोपखाली पाहिली. मॅलासेझिया, म्हणजे यीस्ट. कुत्र्यांच्या कातडीवर ती थोडी असतेच. मुंबईचा दमट पावसाळा आणि पगच्या तोंडावरच्या ओल्या वळ्या मिळाल्या की फोफावते. मलमातल्या स्टेरॉइडने खाज दबली, यीस्ट मात्र वाढतच राहिली. शाम्पूचं तर बोलूच नका. आपली कातडी कुत्र्यापेक्षा आम्लधर्मी, तो त्याच्यासाठी नव्हताच.

मग आठवड्यातून दोनदा क्लोरहेक्झिडिन-मायकोनाझोलचा शाम्पू, फेस दहा मिनिटं अंगावर तसाच (लाडूच्या मते जन्मठेप!), नंतर वळ्या पुसून कोरड्या. तिसऱ्या आठवड्यात मध्यरात्री दचकून जागी झाले. कराकरा नाहीच! लाडू पायाशी मस्त घोरत पडला होता.