शेवटच्या चार कॅप्सूल

माझ्या कंबरेची आणि त्या कॅप्सूलची मैत्री जुनी. पुडी खिशात असली की श्रीरामपूर ते नगर एसटीचा प्रवास मी निर्धास्त करी.

२०१३ च्या मे महिन्यात दिल्लीहून हुकूम निघाला : डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफीन असलेली औषधे बंद. दुकानदाराने हात जोडले, “गुरुजी, आता मिळायची नाही.” कारण कळले ते असे, की या औषधाने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते. अमेरिकेत तर ते २०१० मध्येच बाजारातून गेले होते. म्हणजे माझी मैत्रीण कंबर सांभाळता सांभाळता काळजावर उठली होती! राग धरावा तरी कोणावर?

डब्यात चार उरल्या होत्या. “टाकून द्या,” ही म्हणाली. मी चालढकल केली. एका रात्री कळ उठली आणि हात डब्याकडे गेला. ही जागीच होती. बोलली नाही, उठून चूल पेटवली, वीट तापवून फडक्यात गुंडाळली आणि पहाटेपर्यंत माझी कंबर शेकत बसली.

सकाळी चारही कॅप्सूल मी दुकानदाराला नेऊन दिल्या.

कळ अजून येते. वीटही चुलीजवळच असते.