कासव पाण्यात झोपतं, मग बुडत कसं नाही?

"बाहेरचं काही खाल्लं होतं का? पाणी कुठलं प्यायलात?" जुलाब घेऊन आलेल्या प्रत्येक पेशंटला मी हे दोन प्रश्न विचारत आलो आहे. काही वर्षांपासून त्यात तिसरा प्रश्न वाढला आहे: "घरात कुठला प्राणी पाळलाय का?" हा प्रश्न मी माझ्याच घरात शिकलो.

मुलीच्या चौथ्या वाढदिवसाला मी एक कासवाचं पिल्लू आणलं. डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं, रेड इअर्ड स्लायडर जातीचं, तिच्या तळहातावर मावेल एवढं. नाव ठेवलं ढब्बू. डिसेंबरात तिला अचानक ताप आला, पोटात कळा आणि दिवसातून सात-आठ वेळा जुलाब. मी घरातल्यांना शेंगदाण्याच्या चिक्कीपासून शाळेच्या डब्यापर्यंत सगळं विचारलं. शौचाच्या तपासणीत साल्मोनेला जंतू निघाला. हॉलमधल्या काचेच्या टाकीकडे तेव्हाही माझं लक्ष गेलं नाही.

चौथ्या दिवशी जरा बरं वाटल्यावर ती आजीला म्हणाली, "आता ढब्बूला रात्री कोण वाचवणार?"

मग उलगडा झाला. रात्री ढब्बू तळाशी निपचित पडलेला तिने पाहिला होता. तो बुडतोय असं वाटून ती रोज सगळे झोपले की त्याला बाहेर काढायची, पांघरुणात घेऊन झोपायची आणि पहाटे परत पाण्यात सोडायची. जंतू ढब्बूकडूनच आला का, हे मी तपासून घेतलं नाही. पण संशयाला जागा भरपूर होती.

कासव पाण्यात कसं झोपतं?

कासवाला फुप्फुसं असतात, त्यामुळे हवा घ्यायला त्याला वर यावंच लागतं. पण झोपेत त्याचं शरीर संथ चालतं, प्राणवायू कमी लागतो. म्हणून ते बराच वेळ तळाशी पडून राहू शकतं आणि गरज पडली की वर येऊन श्वास घेतं. कधी ते दगडावर चढूनही झोपतं. ही त्याची रोजची झोप आहे. त्याला उचलू नका, हलवू नका.

रात्री काय काळजी घ्याल?

- दिवसा १० ते १२ तास उजेड, रात्री पूर्ण अंधार. अतिनील किरणांचा दिवा रात्री बंद करा. टाकी टीव्हीजवळ ठेवू नका.
- पाणी साधारण २४ ते २७ अंश सेल्सिअस राहू द्या. कासवाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. थंडीत टाकीला हीटर लागतो, आणि एसीच्या खोलीत टाकी नकोच.
- सहज चढता येईल असा कोरडा दगड किंवा फळी हवी.
- टाकीला जाळीचं झाकण लावा. ते कासवासाठी आहे, तसंच मुलांसाठीही आहे.

नाकातून बुडबुडे येणं, तोंड उघडून श्वास घेणं, एका बाजूला कलून पोहणं, दिवसाही सुस्त पडून राहणं ही झोप नव्हे, आजार आहे. ढब्बूच्याही नाकाला बुडबुडे आले होते. पाण्यातून थंड हवेत रोजची ने-आण त्याला सोसली नसावी. पशुवैद्यांच्या औषधाने तो बरा झाला.

आणि आपली काळजी?

साल्मोनेला कासवाच्या आतड्यात राहतो आणि विष्ठेतून पाण्यात, कवचावर पसरतो. कासव मात्र ठणठणीत दिसतं. याच कारणाने अमेरिकेत ४ इंचांपेक्षा लहान कवचाची कासवं पाळण्यासाठी विकण्यावर १९७५ पासून बंदी आहे, कारण लहान मुलं ती हाताळतात, तोंडालाही लावतात.

पाच वर्षांखालची मुलं, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसं घरात असतील तर माझा सल्ला स्पष्ट आहे: कासव आणू नका. असेलच, तर हात लावल्यावर साबणाने नीट हात धुवा, टाकी स्वयंपाकघरात धुऊ नका, आणि कासव अंथरुणात कधीही नको.

जुलाब लागल्यास ओआरएस लगेच सुरू करा. मनाने अँटिबायोटिक देऊ नका; बहुतेकांना त्याची गरज पडत नाही. शौचात रक्त, न उतरणारा ताप, लघवी कमी होणं, मूल ग्लानीत जाणं यांपैकी काहीही दिसलं तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा.

दोन गोष्टी आणखी. स्टार कासवासारख्या संरक्षित भारतीय जाती घरी पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. आणि स्लायडर नकोसं झालं म्हणून तळ्यात सोडू नका; ते तिथल्या देशी कासवांच्या जिवावर उठतं.

मुलीला मी टाकीसमोर बसवून ढब्बू झोपेतून वर येऊन श्वास घेतो ते दाखवलं. तिला वाट पाहावी लागली, पण तो आला. "म्हणजे तो बुडत नव्हता?" तिने विचारलं. हे मी त्याला आणलं त्याच दिवशी सांगायला हवं होतं.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा घरातल्या प्राण्याबद्दल आपणहून सांगा. आम्ही विचारायला विसरू शकतो.