दोन कान, दोन तऱ्हा

माणसाचे दोन्ही डोळे सारख्याच प्रमाणांत अधू होतात असें नाहीं, हें चष्मा लावणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असतें. चष्मेवाला उजव्या कांचेचा नंबर वेगळा लिहितो, डाव्या कांचेचा वेगळा लिहितो, आणि त्यांत कोणास नवल वाटत नाहीं. कानांच्या बाबतींत मात्र आपण इतके डोळस नसतों. ‘ऐकूं कमी येतें’ एवढें म्हणून आपण मोकळे होतों आणि घरचीं माणसें मोठ्यानें बोलूं लागतात. वस्तुतः पुष्कळ वृद्धांस नुसतें कमी ऐकूं येत नसतें; विषम ऐकूं येत असतें. या विषमतेचा आम्हीं गेल्या दोन वर्षांत जो अनुभव घेतला, आणि हेडफोन व इक्वलायझर यांच्या साहाय्यानें तिच्यावर जो अल्पस्वल्प उपाय केला, तो समवयस्क वाचकांच्या उपयोगीं पडावा म्हणून येथें मांडीत आहों.

आमचें वय सासष्ट. जन्म पुण्याच्या सदाशिव पेठेंत झाला आणि नोकरीचीं सर्व वर्षें शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलीं. निवृत्तीनंतर आमच्याकडे एकच विद्यार्थिनी उरली आहे; ती म्हणजे बंगळूरास राहणारी आमची नात. दर रविवारीं ती पांच-सहा श्लोक म्हणून त्यांचें ध्वनिमुद्रण फोनवर पाठविते आणि आम्ही उच्चार तपासून तिला कळवितों. तिचा आवाज आम्हांस नीट ऐकूं येई, चाल कळे, ऱ्हस्वदीर्घ कळे, वृत्त कोठें मोडलें तर तेंही तत्काळ कळे. पण ती ‘सकल’ म्हणाली कीं ‘शकल’, हें कांहीं केल्या कळेना. ‘सकल’ म्हणजे सगळें आणि ‘शकल’ म्हणजे तुकडा. ‘स्वजन’ म्हणजे आपलीं माणसें आणि ‘श्वजन’ म्हणजे कुत्रीं. हे भेद मुलांस कळावे म्हणूनच तर जुने लोक व्याकरण पढविण्याचा आग्रह धरीत. ते शिकविणाऱ्यासच ऐकूं येईनात, तर त्यानें शाबासकी तरी कशाच्या आधारावर द्यावी? उगाच ‘छान, छान’ म्हणणें आमच्या स्वभावांत नाहीं. म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे गेलों.

तेथें एका निःशब्द खोलींत बसवून प्रत्येक कानांत वेगवेगळ्या उंचीचे बारीक ध्वनि सोडतात आणि ऐकूं आला कीं बटण दाबावयास सांगतात. त्यावरून जो आलेख काढतात त्यास ऑडिओग्राम म्हणतात. सेकंदास २५० कंपनांपासून ८००० कंपनांपर्यंतचे ध्वनि त्यांत असतात. पेटी वाजविणाऱ्यांस हें सहज समजेल. मधल्या सप्तकांतील पांढरी एक सुमारें २६१ कंपनांची असते, आणि कंपनें दुप्पट झालीं कीं स्वर एक सप्तक वर चढतो. म्हणजे ८००० हें ठिकाण तेथून जवळजवळ पांच सप्तकें वर आहे. तेथवर कोणत्याही गवयाचा गळा पोंचत नाहीं. मग तेथलें ऐकूं न आल्यानें बिघडतें काय, असें कोणी विचारील.

बिघडतें तें व्यंजनांचें. प्रातिशाख्यकारांनीं घोष वर्णांच्या मुळाशीं नाद आणि अघोष वर्णांच्या मुळाशीं श्वास सांगितला आहे. नादाचें बळ खालच्या कंपनांत असतें. श, ष, स यांसारख्या ऊष्म्यांचें व बहुतांश अघोष स्पर्शांचें बळ २००० कंपनांच्या वर पसरलेलें असतें. त्यांतही ‘श’चा भर कांहींसा खालीं, तर ‘स’चा त्याहून वर. वार्धक्यांत कान प्रथम हीं वरचीं ठिकाणें गमावतो. नाद राहतो आणि श्वास हरपतो. म्हणूनच म्हातारा माणूस म्हणतो, “तुम्ही बोलतां तें ऐकूं येतें, पण कळत नाहीं.” त्याच्याशीं ओरडून बोललें म्हणजे स्वर तेवढे मोठे होतात, ‘स’ आणि ‘श’ फारसे वाढत नाहींत.

याचें कारण कानाच्या रचनेंत आहे. अंतःकर्णांत शंखासारखा वळलेला एक अवयव असतो. त्याच्या तोंडाशीं उंच ध्वनींचें ज्ञान होतें व आंतल्या टोंकाशीं खालच्या ध्वनींचें. त्यांत सुमारें ३५०० आंतल्या आणि १२००० बाहेरच्या केशपेशी असतात. पक्ष्यांत त्या नष्ट झाल्या तर पुन्हा उगवतात. मनुष्यांत उगवत नाहींत.

आमच्या आलेखांत उजवा कान १००० कंपनांवर २० डेसिबल आणि ४००० वर ४५ डेसिबल उतरलेला निघाला. डावा अनुक्रमें ३० आणि ६५. दोन कानांत एवढें अंतर दिसल्यावर डॉक्टरांनीं प्रथम एमआरआय करविला. एका बाजूच्या श्रवणतंतूजवळ गांठ असेल तर असाच भेद दिसतो, म्हणून ही शंका आधीं फेडावी लागते. सुदैवानें तसें कांहीं नव्हतें. वाचकांस आग्रहाचें सांगणें हेंच कीं, एक कान दुसऱ्याहून मंद वाटला तर यंत्राच्या नादीं लागण्यापूर्वीं वैद्यास भेटावें. आणि कान एकाएकीं बंद झाला तर एक दिवसही दवडूं नये, कारण त्या व्याधींत उपचाराचा उपयोग प्रारंभींच होतो.

आतां इक्वलायझर. त्यांत ध्वनीच्या प्रत्येक उंचीसाठीं एक-एक सरकती खूण असते. ती वर नेली कीं तेवढाच भाग मोठा होतो. आमच्या चिरंजीवांनीं फोनमध्यें अशी सोय करून दिली, जींत दोन्ही कानांस निराळी मांडणी देतां येते. सर्व ॲप्समध्यें ती नसते. जेवढें गमावलें तेवढें सगळें भरून काढावें असें प्रथम वाटतें. पण तसें करूं नये. अधू कानास बारीक आवाज ऐकूं येत नाहीं, परंतु मोठा आवाज पूर्वींइतकाच मोठा लागतो. म्हणून गमावलेल्याच्या निम्में द्यावें, असा नियम अमेरिकेंत सॅम्युएल लायबार्गर यांनीं १९४०च्या दशकांत श्रवणयंत्रांसाठीं सुचविला होता. आमच्या उजव्या कानांत १००० आणि ४००० यांमधील अंतर २५. त्याचें निम्में सुमारें १२. डाव्यांत अंतर ३५, निम्में १७. पण आमचा इक्वलायझर १२ च्या पुढें जात नाहीं, म्हणून तेथेंही १२. डावा कान एकंदरींतच मंद असल्यामुळें तोल आणखी ५ डेसिबल डावीकडे झुकविला. हें सारें एकदम केलें नाहीं. प्रथम ४, आठवड्यानें ८, मग १२.

येथें एक सावधगिरी अवश्य घ्यावी. १२ डेसिबल म्हणजे शक्तीनें जवळजवळ सोळापट. म्हणून खूण जितकी वर नेली, तितका एकंदर आवाज आधीं खालीं आणावा. नाहीं तर ध्वनि फाटतो आणि उरलासुरला कानही दुखावतो. आठवड्यास ४० तास ऐकावयाचें तर आवाज ८० डेसिबलच्या आंत ठेवावा, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते.

याचें फळ काय मिळालें? उजव्या कानानें ‘सकल’ आणि ‘शकल’ आतां वेगळे ऐकूं येतात. डाव्या कानांत ‘स’ अजूनही पुसटच आहे. जेथें पेशीच उरल्या नाहींत तेथें आवाज वाढतो, स्पष्टता वाढत नाहीं. गेल्या महिन्यांत नातीच्या एका श्लोकांत ‘शिष्य’ शब्दांतील मूर्धन्य ‘ष’ दंत्य झालेला आम्हांस पकडतां आला. तिला लिहून कळविलें, तेव्हां तिनें चार वेळां म्हणून धाडलें. आम्हांस झालेला आनंद दोष सांपडल्याचा नव्हता. अद्याप आपण तिच्या उपयोगाचे आहों, याचा होता.

संगीतास मात्र दुसरी मांडणी लागते. बोलण्यासाठीं केलेल्या मांडणींत पेटी किंचाळते आणि झांजा टोचतात. म्हणून गाण्यास आम्ही निम्मीच उचल देतों. तेवढ्यानेंही तानपुऱ्याची जवारी परत भेटली. तारेंतून उठणाऱ्या या वरच्या स्वरांच्या झळाळीचें शास्त्र चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालींच मांडलें होतें. ती झळाळी आमच्या लेखीं कित्येक वर्षें विझली होती. उलट बालगंधर्वांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचीं ध्वनिमुद्रणें कोणत्याही मांडणीविना पूर्वींसारखींच गोड लागतात. वरच्या कंपनांचा भाग तबकडींत मुळांतच थोडा. तेथें उचल दिली तर खरखर तेवढी वाढते. जें तबकडीवरच नव्हतें, तें कानानें गमावलें तरी त्याची उणीव भासत नाहीं.

हा उपाय फोनमधून येणाऱ्या ध्वनीपुरता आहे. पंगतींतल्या, दिवाणखान्यांतल्या बोलण्यास तो लागू नाहीं. तेथें श्रवणयंत्रच हवें, कारण तें बारीक आवाज वाढवितें व मोठ्यास आवरतें. ॲपल कंपनीनें आपल्या फोनांत ऑडिओग्रामप्रमाणें हेडफोन जुळविण्याची सोय २०२० सालीं केली, आणि २०२४ सालीं तिच्या कांहीं इयरफोनांस सौम्य व मध्यम बहिरेपणासाठीं श्रवणयंत्र म्हणून वापरण्याची परवानगी अमेरिकेंत मिळाली. साधनें वाढत आहेत. पण ऑडिओग्रामवांचून तीं आंधळीं आहेत.

घरांतील तरुणांस एवढेंच सांगावेंसें वाटतें. वडील माणूस दोनदां ‘काय?’ म्हणालें, तर तिसऱ्या वेळीं ओरडूं नका आणि ‘जाऊं द्या’ असेंही म्हणूं नका. समोर येऊन, ओठ दिसतील असें, सावकाश बोला. ओरडण्यानें आमचा मान जातो आणि ‘जाऊं द्या’नें आमची संगत जाते, सावकाश बोलण्यास मात्र कांहींच खर्च येत नाहीं.