उलटे आटे

बोपदेव घाटात परवा एक तरुण मला मागे टाकून गेला. त्यात नवल काही नाही, त्या घाटात मला सगळेच मागे टाकतात. सायकल कार्बनची, काळीभोर, दोन बोटांवर उचलावी इतकी हलकी. पण ती शेजारून जाताना पायडलाच्या प्रत्येक फेऱ्याला एक आवाज येत होता. कट्. मग जरा शांतता. उजवा पाय खाली आला की पुन्हा कट्. तेवढ्या पैशांत सेकंडहँड मोटार आली असती आणि तिनेही इतकी कटकट केली नसती.

आवाज कुठला ते ऐकताक्षणी कळलं. पायडलं ज्यांना लागतात त्या दोन क्रँकांच्या मधे, फ्रेमच्या पोटात जो आडवा दांडा फिरतो, तिथला. दुकानात त्याला बीबी म्हणतात. बॉटम ब्रॅकेट हे पूर्ण नाव उच्चारायला कुणाला वेळ नसतो. सायकलचा हा भाग कुणाला दिसत नाही. रंग, गिअर, ब्रेक यांचं कौतुक होतं आणि स्वाराचा सगळा जोर मात्र हा बिचारा अंधारात झेलत असतो.

आमच्या लहानपणी सायकल मे महिन्यात ओव्हरऑइलिंगला पडायची. शाळा उघडायच्या आत आणि पावसाच्या आधी. कोपऱ्यावर पत्र्याचं खोपटं होतं आणि त्याच्या मालकाला सगळा वाडा मामा म्हणायचा. मामा सायकल हँडल आणि सीटवर उलटी उभी करत. क्रँक दांड्याला जखडणाऱ्या कॉटर पिनचा नट पिनेच्या टोकाबरोबर येईपर्यंत सैल करत, म्हणजे घाव बसला तरी आटे चेपत नाहीत. मग क्रँकखाली लोखंडी पाइपचा तुकडा टेकवायचा आणि हातोडीचा एकच दणका. तो टेकू नसेल तर दणका थेट छर्ऱ्यांना पोचतो आणि ते ज्या गुळगुळीत वाटेवर फिरतात तिला खळगे पडतात. हे मी पुढे कुठेतरी वाचलं. मामांनी कारण कधी सांगितलं नाही, पण पाइपही कधी विसरले नाहीत.

मग डावीकडची लॉकरिंग छिन्नीने ठोकून सैल करायची, ती जखडून ठेवते तो छर्ऱ्यांचा वाटीसारखा कप काढायचा, दांडा ओढायचा की रॉकेलच्या थाळीत छर्रे टपटप पडत. एका बाजूचे 11, दोन्हीकडचे मिळून 22, पाव इंची. रॉकेलमधून ते वेचून मोजायचं काम माझ्याकडे असे आणि घरी गेल्यावर त्या हातांनी काही खायची परवानगी नसे. वर्षभराचा रस्ता त्या थाळीत उतरलेला असायचा, काळा, चिकट, किंचित रेतीचा. मामा एकेक छर्रा उन्हाकडे धरून बघत. एखाद्यावर डाग दिसला तरी सगळे बदलायचे. झिजलेल्यांत एखादा नवा मिसळला की तो अंमळ मोठा ठरतो आणि भार त्याच्या एकट्याच्या डोक्यावर येतो. हे मात्र मामा सांगत, कारण वडील पैशांवरून कुरकुर करत.

खरी कसोटी यापुढे. कपात ग्रीस लावून छर्रे एकेक करून चिकटवायचे, दांडा घालायचा, कप पूर्ण आवळायचा आणि केसभर मागे घ्यायचा. लॉकरिंग आवळताना कप पुन्हा सरकतो, म्हणून तोही हिशेब आधीच धरायचा. मग दांडा दोन बोटांत धरून मामा डोळे मिटून फिरवत. खरखर चालणार नाही आणि खेळही चालणार नाही. पुन्हा सैल, पुन्हा घट्ट, पुन्हा डोळे मिटलेले. मी अनेक गवई ऐकले, पण तंबोरा लावताना इतकी तंद्री फार थोड्यांची पाहिली. शेवटी कॉटरची सपाट बाजू कानशीने दोन हात घासून, एक पिन वरून आणि दुसरी खालून अशी ठोकायची. दोन्ही एकाच बाजूने घातल्या तर पायडलं एका रेषेत येत नाहीत. “आठवड्याने येऊन नट आवळून जा रे,” असं मामा दर वर्षी सांगायचे. पिन बसत जाते तसा नट ढिला पडतो, त्याचं हे औषध. कुणीही जात नसे. म्हणून पुढे गावभर सायकली एक पाय रिकामा पडल्यासारख्या लंगडत चालत.

उजवा कप काढताना मामांचा पाना उलट दिशेने फिरे. तिकडचे आटे डावे. इंग्रजी मापाच्या बीबीची ही खूण: 68 मिलिमीटर रुंदीचं पोट, 1.37 इंचाचा कप, इंचाला 24 आटे, उजवीकडे उलटे. हे माप बीएसए म्हणून जगभर ओळखलं जातं, म्हणजे तीन रायफलींचं चिन्ह मिरवणारा बर्मिंगहॅमचा शस्त्रांचा कारखाना. आपल्याकडे ते नाव मद्रासजवळच्या अंबत्तूरला बनलेल्या सायकलींमुळे घरोघर गेलं. आटे उलटे का? मुठीत पेन्सिल सैल धरा आणि तिचं वरचं टोक घड्याळाच्या काट्यांसारखं गोल फिरवा. पेन्सिल स्वतःभोवती उलटी फिरते. दांड्यावरचा भार असाच फिरत राहतो आणि कपाला उलटा ढकलतो. सरळ आटे असते तर कप रोज थोडाथोडा सुटत गेला असता. इटालियन मापात दोन्हीकडे सरळ आटे असतात, म्हणून तिथला उजवा कप जीव खाऊन आवळावा लागतो. इटालियन सायकली देखण्या असतात, एवढं म्हणून मी तो विषय सोडतो.

पुढे बंद डबीतली बीबी आली. कॅलिफोर्नियातल्या फिल वुड यांच्या कंपनीने 1971 पासून सीलबंद बेअरिंगचा आग्रह धरला, आणि जपानी शिमानो कंपनीच्या स्वस्त डब्या सर्वत्र पोचल्या. उघडायची नाही, ग्रीस भरायचं नाही. कित्येक पावसाळे निमूट चालते आणि बिघडली की फेकायची. चौकोनी टोकाच्या दांड्यावर अ‍ॅल्युमिनियमचा क्रँक बसतो. त्याचा बोल्ट ढिला असताना सायकल दामटली तर भोक गोलावतं आणि क्रँक कामातून जातो. एवढी एक काळजी सोडली तर इतकी बिनतक्रार बीबी दुसरी नाही, असं माझं मत आहे. मामांना ती आवडली नसती, कारण तिच्यात त्यांना काही करण्यासारखं नाही.

2003 साली शिमानोने बेअरिंग फ्रेमच्या बाहेर काढले. दांडा 24 मिलिमीटरचा, पोकळ आणि ताठ. पण बेअरिंग आता चिखलाच्या तोंडावर. तरी आटे होते, घरी बदलता येत होतं. मग वजनाचे ग्रॅम मोजणाऱ्यांनी आटेच काढून टाकले. कॅननडेल या सायकल कंपनीने 2006 साली बीबी30 हे माप सर्वांना वापरायला खुलं केलं आणि बेअरिंग नुसते फ्रेममध्ये दाबून बसवायची लाट आली. भोक रतिभर मोठं किंवा वाकडं पडलं तरी बेअरिंग आत हलतो, आणि घाटात कट् कट् सुरू. हलके कोण झाले? सायकल, चार-दोन तोळ्यांनी. कारखान्याचं काम सोपं झालं आणि मेकॅनिकचं वाढलं. 2015 साली क्रिस किंग आणि आर्गोनॉट या कंपन्यांनी टी47 हे माप काढलं, म्हणजे भोक मोठंच, पण त्यात पुन्हा आटे. मोठ्या कंपन्याही हळूहळू तिकडे वळल्या. उजवीकडचे आटे अर्थातच उलटे.

पावसाळ्यात पाणी सीटच्या नळीतून उतरून बीबीच्या पोटात साचतं हे फार जणांना माहीत नसतं. सायकल आडवी करून बघा, खाली बारीक भोक असेल तर ते चिखलाने बुजलेलं नाही ना. दुचाकी धुवायच्या केंद्रावर नेऊन जोराचा फवारा तर अजिबात मारू देऊ नका, त्या पाण्यापुढे कुठलंही सील टिकत नाही. बादली आणि फडकं पुरतं. नवी सायकल घेताना दुकानदार गिअर किती ते सांगेलच, तुम्ही बीबीला आटे आहेत का ते विचारा. आणि माळ्यावर वडिलांची कॉटरवाली पडली असेल तर भंगारात घालू नका. तिला लागतात 22 छर्रे, दोन कॉटर आणि चमचाभर ग्रीस, आणि तशा सायकली आपल्याकडे अजूनही नव्या बनतात, त्यामुळे हे सामान मिळतं.