शीग

दामाजीपंतांचं आख्यान मंगळवेढ्यात लावायचं म्हणजे धाडसच. इतर गावांत दामाजी ही गोष्ट असते, इथं ते गावकरी आहेत. देऊळ त्यांचं, तालुक्याचा साखर कारखाना त्यांच्या नावाचा. समोर बसलेल्या म्हातारीला पुढची ओळ कीर्तनकाराच्या आधी ठाऊक असते.

तरी लावलं. पूर्वरंगात दानाचा विषय घेतला. बाराव्या शतकात बसवेश्वर याच गावात राहून गेले. कष्टाला त्यांनी कायक म्हटलं आणि कष्टाचं वाटून खाण्याला दासोह, तेही सांगितलं. हार-बुक्का झाला आणि उत्तररंगात शिरलो. दुष्काळ. बिदरच्या बादशहाची धान्यानं भरलेली कोठारं. दामाजीपंतांनी ती रयतेला उघडून दिली. बादशहाचा हुकूम, बिदरची वाट, आणि मग घोंगडी पांघरलेला विठू महार मोहरांची थैली घेऊन दरबारात. इथं सूर चढवायचा, झांज वाढवायची. बायका डोळ्यांना पदर लावतात. इतक्या वर्षांत ही जागा कधी वाया गेलेली नाही. त्या रात्रीही गेली नाही.

आरतीचं ताट फिरलं. मंडप रिकामा होत असताना धोतर-पटक्यातले एक आजोबा पुढं आले. पाया पडले नाहीत. म्हणाले, "म्हाराज, कोठारं उघडली म्हनलात. माप कुनाच्या हातात हुतं?"

मला उत्तर नव्हतं. कोठार उघडलं की धान्य आपोआप घरोघरी पोचतं, असंच मी इतकी वर्षं सांगत आलो होतो.

आजोबा खांबाला टेकून बसले. बहात्तरच्या दुष्काळात ते खडी फोडायला होते. कामावर सुकडी मिळायची. "एक जन भांडं भरला की वरनं हात फिरवून सपाट करायचा. दुसरा शीग लावायचा. माल दोघांच्याबी बापाचा न्हवं, सरकारचा. पन पोरं दुसऱ्याच्याच रांगंत हुबी ऱ्हायाची." मग त्यांनी घरच्या पेवाची, जमिनीतल्या धान्याच्या कोठाराची, गोष्ट सांगितली. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही. कोंडलेली हवा माणूस मारते. वारं खेळू द्यायचं, कंदील सोडून बघायचा, ज्योत विझली तर अजून थांबायचं. "आन एकदा उघडलं म्हंजी समदं काढायचं. अर्धं पेव उघडता येत न्हाई, म्हाराज."

त्या रात्री झोप आली नाही. दामाजींनी किल्ली फिरवली तेव्हा विठ्ठल पैसे भरायला येणार, हे त्यांना कुठं ठाऊक होतं? ठाऊक असतं तर ते दान कसलं, जामीन घेऊन दिलेली उधारी झाली असती. आणि आम्ही कीर्तनकार नेमकं तेच विकतो: द्या, देव दुप्पट देईल. याला सावकारी म्हणतात. श्रोते मोहरांच्या थैलीवर रडतात, कारण तिथं हिशेब मिटतो. न मिटलेल्या हिशेबाच्या त्या मधल्या दिवसांत पंतांच्या घरात चूल कशी पेटली असेल, यावर मी एक वाक्यही कधी बोललो नव्हतो.

आणखी एक गोष्ट मी टाळत आलो होतो. देवानं महाराचं रूप घेतलं यावर टाळ्या पडतात, पण महार म्हणून ज्या चोखोबांना देवळात पाऊल टाकू दिलं नाही, ते याच गावचं कुसू बांधताना 1338 मध्ये भिंतीखाली गेले. दोन्ही कथा एकाच गावच्या. आता त्या एकाच कीर्तनात सांगतो. टाळ्या कमी पडतात.

आख्यानही बदललं आहे. थैलीची जागा आटोपती घेतो, रांगेवर रेंगाळतो. माप कोण धरतं, रांगेत शेवटी कोण उभं आहे, ओच्यात घेताना बाई मान खाली का घालते. देणाऱ्यानं आधी वारं खेळू द्यावं, घेणाऱ्याचा जीव गुदमरू नये, हेही सांगतो. आजोबांचं नाव घेत नाही. श्रेय मात्र त्यांचंच. आणि एक कबुलीही देऊन टाकतो: त्या रात्री बिदागीचं पाकीट मी देवळामागं जाऊन मोजून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एस.टी.ला निघालो तर आजोबा पायली आणि पोतडी घेऊन दारात. घरची मालदांडी, पाटपाण्याशिवाय नुसत्या काळ्या भुईच्या ओलीवर आलेली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आजोबांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी पायली भरली, वर शीग चढवली, कडेनं घरंगळणारे दाणे दोन्ही तळव्यांनी परत वर लोटले आणि श्वास रोखून पायली माझ्या पिशवीत उपडी केली.

घरी आल्यावर आमच्या पायलीनं काठोकाठ मापून बघितलं. वर तीन ओंजळी भरली.