‘नको’ म्हणणाऱ्याची फी

‘‘तिकडे मटण दुकानात मिळत नाही का रे?’’ डोंबिवलीहून आईचा पहिला प्रश्न. दुसरा त्याहून अवघड. ‘‘आणि तेसुद्धा ऐन गणपतीत?’’

काय करणार! कोलोरॅडोत एल्कच्या धनुष्यबाणाच्या शिकारीचा सीझन सप्टेंबरातच असतो. एल्क म्हणजे हरणाच्या कुळातला धिप्पाड प्राणी. मोठा नर सहज तीनशे किलोचा. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार शिकार म्हणजे गुन्हा. इथे परवाना काढून, ठरलेल्या दिवसांत शिकार चालते. उलट मारलेल्या प्राण्याचं मांस वाया घालवलं, तर तो गुन्हा.

मी डेन्व्हरमधला सॉफ्टवेअरवाला. ऑफिसातल्या एका दोस्ताने आर्चरी रेंजवर नेलं आणि मी अडकलोच. दोन वर्षं कंपाउंड बो ओढून खांदे दुखवून घेतले, हंटर एज्युकेशनचा कोर्स करून कार्ड मिळवलं. मग यक्षप्रश्न आला : गाइड घ्यायचा की आपलं आपण जायचं?

काही ठिकाणी हा प्रश्न कायदाच सोडवतो. पुण्याहून थेट अलास्काला मोठ्या जनावराच्या शिकारीला जाल, तर गाइड सक्तीचा. वायोमिंगमध्ये बाहेरच्या राज्यातल्या माणसाला राखीव ‘वाइल्डरनेस’मध्ये मोठ्या शिकारीसाठी गाइड किंवा तिथला रहिवासी सोबत लागतो. कोलोरॅडोत मात्र तुमची मर्जी. माझ्यासारख्या रहिवाशाला परवाना शंभर डॉलरच्या आत पडतो. (बाहेरच्यांना २०२५ पासून बहुतेक भागांत तो सरळ विकत मिळत नाही, ड्रॉ लागावा लागतो.) आणि गाइडसह पाच दिवसांचं कोटेशन आलं सात हजार डॉलर! बायको म्हणाली, ‘‘एवढ्यात आपण दोघं भारतात जाऊन आलो असतो.’’ मुद्दा बिनतोड होता. तरीही पहिल्यांदाच जातोय म्हणून २०२३ मध्ये मी पैसे भरले.

गाइडने पहिल्याच सकाळी शिकवलं ते वाऱ्याचं. पहाटे थंड हवा डोंगरावरून खाली वाहते, ऊन चढलं की वर. तुमचा वास एल्कच्या नाकात गेला की खेळ खलास. तो तोंडाने मादीचा आवाज काढायचा आणि समोरच्या रानातून नराची ती लांबलचक शीळ यायची. अंगावर काटा!

चौथ्या दिवशी नर आला. तीस यार्डांवर, छाती आमच्याकडे करून. मी बो ओढला. तेवढ्यात गाइडने माझ्या कोपरावर हात ठेवला. ‘‘नको.’’ समोरून खांद्याचं हाड आडवं येतं, बाण फुप्फुसापर्यंत जात नाही. जनावर आडवं उभं राहील तेव्हाच सोडायचा. ते काही आडवं उभं राहिलं नाही, निघून गेलं. मी रिकाम्या हाताने परतलो. खरं सांगतो, मनात आलं, सात हजार दिले ते ‘नको’ ऐकायला?

पुढच्या वर्षी मी आणि तो ऑफिसवाला दोस्त, दोघंच. फोनमध्ये नकाशा, पाठीवर तंबू, तोंडात मॅगी. मज्जा होती, खोटं कशाला बोलू! वाट आपली, चुका आपल्या. पितृपक्ष चालू होता, म्हणून आईला यावेळी सांगितलंच नव्हतं.

तिसऱ्या संध्याकाळी नर आला. तेवढ्याच अंतरावर, तसाच समोरून. उजेड जेमतेम पंधरा मिनिटांचा उरलेला. मला सगळं आठवत होतं. हाडाचं, कोनाचं, सगळं. पण कोपरावर हात नव्हता.

मी बाण सोडला.

आवाजावरूनच कळलं, हाडाला लागला. रात्रभर थांबलो, पहाटे रक्ताचा माग काढला. दोनशे पावलं ठळक, मग एखाददुसरा थेंब, मग काहीच नाही. दोन दिवस आम्ही तो डोंगर विंचरला. मेलेल्या जनावरावर कावळे घिरट्या घालतात, म्हणून मी सारखा आकाशाकडे बघत होतो. एकही दिसला नाही. खांद्यात लागलेला एल्क कधीकधी जगतो, असं अनुभवी लोक सांगतात. तसं मानणं मला सोयीचं आहे, हेही मला कळतं. बो गाडीत टाकला आणि आम्ही घरी आलो.

तेव्हा लक्षात आलं, मी तुलनाच चुकीची करत होतो. गाइड म्हणजे घोडे, तंबू, गरम जेवण आणि जनावर दाखवणारा माणूस, असा माझा हिशेब होता. खरी फी होती ती कोपरावरच्या हाताची. एकटं जायला तो हात आपल्या डोक्यात असावा लागतो. माझ्या डोक्यात तो अजून आलेला नाही.

तुमच्यापैकी कोणी इकडे असाल आणि हेच वेड लागलं असेल, तर दोन गोष्टी. गाइड घेणार असाल तर आउटफिटर राज्याकडे नोंदलेला आहे का, एका गाइडमागे शिकारी किती आणि मांस खाली कोण आणणार, हे आधी विचारा. आपलं आपण जाणार असाल तर उन्हाळ्यातच तो डोंगर पायाखाली घाला, आणि सप्टेंबरच्या उन्हात शे-सव्वाशे किलो मांस खराब होण्याआधी गाडीपर्यंत कसं न्यायचं, ते ठरवूनच निघा. ‘ड्रॉप कॅम्प’ हा मधला मार्गही आहे. आउटफिटर घोड्यांवरून सामान नेऊन तंबू ठोकून देतो, शिकार तुमची तुम्ही करायची. बाणाचा निर्णयही तुमचाच.

मी येत्या सीझनसाठी पुन्हा गाइडचे पैसे भरलेत. बायकोने यावेळी भारताचं नाव काढलं नाही.

आईला अखेर सगळं सांगितलं. चिडेल वाटलं होतं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘तो गाइड बरा माणूस दिसतोय. त्याचं ऐकत जा.’’

आणि फोन ठेवता ठेवता, ‘‘मिळालंच तर फोटो नको पाठवूस. वाटण कसं करायचं ते मी सांगते.’’